सासू-सासऱ्यांना घेऊन आउफसेसच्या ब्रुअरीत

जर्मनीतल्या एर्लांगन-न्यूर्नबर्ग पट्ट्यातल्या मराठी घरांत मे महिना लागला की एकच विषय असतो. आईवडील येणार, व्हिसा झाला, विमा काढला, आता त्यांना न्यायचं कुठे? म्युनिक असतं, नॉयश्वानस्टाइनचा किल्ला असतो, एखादी स्वित्झर्लंडची सहल असते. माझ्या सासऱ्यांनी आमची यादी चष्मा लावून नीट वाचली आणि बाजूला ठेवली. "हे सगळं यूट्यूबवर बघून झालंय. इथं खेड्यापाड्यांत बिअर गाळतात म्हणे. ते दाखव."

बाबा कोल्हापूरला राज्य उत्पादन शुल्क खात्यात कारकून होते. उभा जन्म दारूच्या परवान्यांची नूतनीकरणं, चलनं आणि नोंदवह्या करण्यात गेला. स्वतः मात्र वर्षाकाठी एखादा ग्लास, तोही कुणी फारच आग्रह केला तर. त्यामुळे त्यांना प्यायची हौस नव्हती, बघायची होती. आई शाकाहारी आणि दारूच्या वासानेही तोंड फिरवणाऱ्या. अमेयला, म्हणजे नवऱ्याला, डुकराचं मांस मिळालं की बाकी काही चालतं. मला बी-वन, म्हणजे मध्यम पातळीचं जर्मन येतं, पण इथल्या गावची बोली निम्मी कळत नाही. आमच्याकडे गाडी नाही. एवढं सगळं घेऊन एका खेड्यात मुक्कामी जायचं म्हणजे काय, याचा मला जरा धसकाच होता. आता जाऊन आले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

जागा ठरवणं सोपं गेलं. ओबरफ्रांकन हा बव्हेरियाचा उत्तरेकडचा भाग छोट्या ब्रुअऱ्यांनी गजबजलेला आहे. त्यात आउफसेस नावाची एक चिमुकली ग्रामपंचायत. लोकसंख्या दीड हजारही नाही आणि ब्रुअऱ्या चार: खुद्द आउफसेसमध्ये रोटेनबाख, झाक्सनडोर्फला श्टाटर, होखश्टालला रायखोल्ड आणि हेकनहोफला काथी-ब्रॉय. माणशी ब्रुअऱ्यांच्या हिशेबात गावाचं नाव गिनेस बुकात गेलेलं आहे. चारही ठिकाणं जोडणारी साधारण १४ किलोमीटरची पायवाट आहे. चारही ठिकाणी शिक्के मारून घेतले की प्रमाणपत्र मिळतं. हे शेवटचं वाक्य मी बाबांना वाचून दाखवलं आणि विषय तिथेच मिटला.

तारीख ठरवताना थोडा अभ्यास करावा लागला. मे महिन्याच्या सुमारास येणाऱ्या ख्रिस्टी हिमेलफार्टच्या (येशूच्या स्वर्गारोहणाच्या) गुरुवारी, म्हणजे इथल्या 'फादर्स डे'ला, पुरुषांचे घोळके हातगाडीवर बिअर लादून अशा वाटांवर निघतात. त्या दिवशी वडीलधाऱ्यांना घेऊन जाऊ नका. पेन्टेकोस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीत खोल्या मिळत नाहीत. सोमवार-मंगळवारी यातल्या कुठल्या ना कुठल्या ठिकाणी साप्ताहिक सुट्टी असते, आणि ती प्रत्येकाची वेगळी. शिवाय १ मे ते १ नोव्हेंबर या काळात शनिवार-रविवारी आणि सणांना इथल्या वाहतूक संघाच्या, म्हणजे व्हीजीएनच्या, खास सहलीच्या बस धावतात. हिवाळ्यात त्या नसतात. सगळं जुळवून २८ आणि २९ जून २०२५, शनिवार-रविवार नक्की केले.

खरी परीक्षा खोलीची. खेड्यातल्या गास्टहोफचं, म्हणजे मुक्कामाची सोय असलेल्या खाणावळीचं, ऑनलाइन आरक्षण असेलच असं नाही. ईमेल पाठवली तर उत्तर येईलच असंही नाही. फोन करावा लागतो. मेच्या मध्यावर एका दुपारी मी कागदावर वाक्यं लिहून फोन लावला. पहिल्या ठिकाणी त्या आठवड्यात वार्षिक सुट्टी होती. दुसऱ्या ठिकाणी नुसतीच रिंग वाजत राहिली. मग लक्षात आलं की दुपारी दोन ते पाच स्वयंपाकघर बंद असतं, तेव्हा कुणी फोन उचलत नाही. सकाळी दहाच्या पुढे किंवा संध्याकाळी पाचनंतर करा. तिसऱ्या ठिकाणी एका बाईंनी उचलला आणि थेट विचारलं, "किती माणसं, किती रात्री?" मी लिहिलेली वाक्यं तशीच राहिली. दोन खोल्या, न्याहारीसह, प्रत्येकी ऐंशी युरोंच्या आतबाहेर. नाव? मी 'कुलकर्णी' हे नाव एकेक अक्षर करून सांगितलं. पलीकडे पेन्सिलीची खरखर ऐकू आली. आगाऊ रक्कम नाही, कार्डाचा नंबर नाही, पुष्टीचा मेसेज नाही. "यायचं नसेल तर मात्र कळवा," एवढंच.

बाबांना हे पटेना. "पावती?" नाही. "आपल्या नावावर काही कागद?" नाही. "मग त्यांनी दुसऱ्याला दिली खोली तर?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. जाण्याच्या दोन दिवस आधी मी पुन्हा फोन करून खात्री केली. तुम्हीही करा. त्यांना राग येत नाही.

तिकिटाचं: अमेय आणि माझ्याकडे डॉइचलांडटिकट, म्हणजे देशभर लोकल गाड्या-बसना चालणारं मासिक तिकीट, होतं, तेव्हा महिना ५८ युरो, त्यात गावाकडच्या बसही येतात. आई-बाबांसाठी व्हीजीएनचं टागेसटिकट प्लुस, म्हणजे दिवसाचं तिकीट, काढलं. दोन मोठी माणसं त्यावर जातात आणि शनिवारी काढलं तर रविवारीही चालतं. पंचवीस युरोंच्या आत काम झालं. एर्लांगनहून फोर्खहाइमपर्यंत लोकल, तिथून एबरमानश्टाटपर्यंत छोटी गाडी, पुढे बस. एबरमानश्टाटला वाफेच्या इंजिनाची हौशी मंडळींनी जपलेली एक गाडी उन्हाळ्यात रविवारी धावते, ते इंजिन बघण्यात आई इतक्या रमल्या की बस चुकते की काय असं झालं. ही बस चुकली तर पुढची कधी, हे आधी बघून ठेवा. इथे दर पंधरा मिनिटांनी काही येत नाही.

गाडी भाड्याने घेऊन जायचा विचार कुणी करत असेल तर: रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा दर हजारी ०.५ आहे, आणि गाडी चालवायचा परवाना नवा असेल, पहिल्या दोन वर्षांतला, तर शून्य. म्हणजे एकाला रात्रभर सफरचंदाच्या रसावर बसावं लागणार. मुक्काम केलेला बरा.

चारच्या सुमारास गास्टहोफात पोचलो. दारावर खोल्यांच्या चिठ्ठ्या लावलेल्या होत्या, एकीवर पेन्सिलीने 'कुकानी' लिहिलेलं. आम्हीच ते. बाईंनी चार छापील अर्ज पुढे सरकवले: नाव, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, पत्ता, पासपोर्ट क्रमांक, सही. १ जानेवारी २०२५पासून जर्मन नागरिकांना मुक्कामाचा हा नोंदणी अर्ज भरावा लागत नाही, पण परदेशी नागरिकांना अजूनही लागतो. तुम्ही इथे दहा वर्षं राहत असा, पासपोर्ट भारतीय असेल तर भरायचा. म्हणून एका रात्रीसाठीही चौघांचे मूळ पासपोर्ट सोबत न्या. मला हे जरा खटकलं. बाबांना नाही खटकलं, उलट त्यांचा जीव भांड्यात पडला. शेवटी एक कागद निघाला होता! त्यांनी खिशातून स्वतःचं पेन काढून चारही अर्ज भरले, आमचेसुद्धा, आणि प्रत्येक ठिकाणी तारीख घातली.

ऊन फार होतं. साडेपाचपर्यंत सगळे आडवे झालो आणि मग रोटेनबाखकडे निघालो. गावात आवाज म्हणाल तर एका ट्रॅक्टरचा. वर टेकाडावर आउफसेस घराण्याचा किल्ला. याच घराण्यातल्या हान्स फॉन आउफसेस यांनी १८५२ साली न्यूर्नबर्गचं जर्मानिशेस नॅशनलम्युझियम स्थापन केलं. आम्ही ते संग्रहालय बघितलेलं होतं, त्याचा माणूस या दीड हजार वस्तीच्या गावातला असेल असं वाटलं नव्हतं.

आत शिरताना एक गोष्ट सांभाळा. एखाद्या टेबलावर 'श्टामटिश' अशी पाटी असेल तर ते गावातल्या रोजच्या मंडळींचं, तिथे बसायचं नाही, सगळं रिकामं असलं तरी. बाकीच्या लांब टेबलांवर अनोळखी माणसांशेजारी खुशाल बसा, "जागा आहे का?" एवढं विचारून. आणि खिशात रोख असू द्या. कार्ड चालेल या भरवशावर खेड्यात जाऊ नका.

खायचं आधी मागवलं, कारण गरम स्वयंपाक आठच्या सुमारास बंद होतो. अमेयने शॉयफर्ला मागवलं, डुकराच्या खांद्याचं मांस हाडासकट भट्टीत भाजलेलं, वर कुरकुरीत कातडी. आईंसाठी मात्र चौकशी करावी लागली. बटाट्याचा गोळा, म्हणजे क्लोस, शाकाहारी असतो, पण त्याच्यावरचा रस्सा मांसाचा असतो. "मांस नको" म्हटलं तर मांस वगळून रस्सा तसाच येऊ शकतो. म्हणून रस्सा कशाचा, हे नेमकं विचारा. आईंना शेवटी क्लोस आणि अळिंबीची साय घातलेली आमटी मिळाली, सोबत सॅलड. त्यांचं मत: "मीठ आहे, तिखट नाही. पण गोळा चांगला आहे, उकडीचा वाटतो." पर्समधून शेंगदाण्याची चटणी निघाली आणि अळिंबीवर पडली. कुणी काही म्हटलं नाही.

बिअर इथे अर्ध्या लिटरच्या ग्लासात येते, झाइडला म्हणतात, साडेतीन युरोंच्या आसपास. लहान ग्लास मागितला तर मिळतो, लाजायचं कारण नाही. बाबांनी गडद बिअरचा लहान ग्लास घेतला. आधी उजेडात धरून रंग बघितला, मग वास घेतला, मग एक घोट, आणि मग बराच वेळ काही नाही. "ही कडू नाही," असं शेवटी आलं. "भाजक्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी लागते." खरंच तशी लागते. जवाला कोंब आणून तो भट्टीत जास्त भाजला की हा रंग आणि हा स्वाद येतो. थंडगार तळघरात ती आठवडेच्या आठवडे मुरत ठेवतात, त्यामुळे घशाला ओरखडत नाही.

वाढणाऱ्या बाई दर ग्लासामागे पुठ्ठ्याच्या चकतीच्या कडेला पेन्सिलीने एक रेघ मारत होत्या. अर्ध्याला छोटी, पूर्णाला मोठी. जेवणाचा आकडा मधोमध. तेवढंच बिल. ती चकती हरवायची नाही, तिच्यावर ओलं काही ठेवायचं नाही. बाबांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "याची दुसरी प्रत?" मी म्हटलं, हीच मूळ, हीच प्रत. "आणि कर कसा वसूल करतात?"

या प्रश्नाची मी तयारी करून गेले होते, सासरे ओळखीचे असल्यामुळे. इथे बिअरकर जकात खातं गोळा करतं आणि पैसा राज्यांना जातो. दर बिअरमधल्या मूळ अर्काच्या अंशावर, म्हणजे आंबवण्याआधी त्यात किती साखर-सत्त्व होतं त्यावर, ठरतो. साधारण बारा अंशांच्या बिअरला लिटरमागे नऊ-साडेनऊ सेंट. छोट्या ब्रुअरीला दरात सवलत, अगदी छोटी असेल तर जवळजवळ निम्म्यावर येतं. बाबांनी मनातल्या मनात रुपये केले आणि मान हलवली. "आपल्याकडे एवढ्यात शिक्क्याची शाईसुद्धा येत नाही."

मग ते आईंना नाही तर मलाच समजावू लागले, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. १९४९चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अजून आहे. दारू पिण्यासाठी परवाना लागतो, एक दिवसाचा पाच रुपयांना, वर्षाचा शंभर, आजन्म हजार. सौम्य बिअरला वय २१, कडक दारूला २५. "लोकांना वाटतं गंमत आहे. आम्ही ती रजिस्टरं लिहिलीत." मी सांगितलं की इथे बिअर सोळाव्या वर्षी मिळते, आणि आईबाप सोबत असतील तर चौदाव्या. बाबांनी ग्लास खाली ठेवला. पलीकडच्या टेबलावर एक पोरगा आजोबांशेजारी बसून कोला पीत होता. बाबा त्याच्याकडे जरा वेळ संशयाने बघत राहिले.

नऊ वाजले तरी उजेड होता. जूनअखेर इथे साडेनऊच्या सुमारास सूर्य मावळतो. श्टामटिशवर चौघेजण शाफकोफ खेळायला बसले. बत्तीस पत्त्यांचा खेळ, प्रत्येकाला आठ. पान टाकताना मुठीने टेबलावर आपटायची पद्धत. बाबांची मान तिकडे वळली ती वळलीच. थोड्या वेळाने म्हणाले, "दश्श्या मोजतायत." बरोबर होतं. शाफकोफमध्ये दश्शीला दहा गुण, एक्क्याला अकरा आणि एकसष्ट झाले की डाव जिंकला. मेंढीकोट खेळून वाढलेल्या माणसाला दश्शीवरची झडप भाषेशिवाय कळते. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने हे टक लावून बघणं पाहिलं, खुर्ची सरकवली आणि हाताने बोलावलं. श्टामटिशवर बोलावल्याशिवाय बसायचं नाही हा नियम खरा आहे. बोलावल्यावर नाही म्हणायचं नाही, हाही असावा.

बाबा त्यांच्या मागे बसून सव्वा तास डाव बघत होते. एक शब्द सामाईक नाही. एकदा म्हाताऱ्याने पान टाकायच्या आधी मागे वळून पत्ते दाखवले. बाबांनी एका पानावर बोट ठेवलं. म्हाताऱ्याने दुसरंच टाकलं आणि डाव गेला. मग त्या टेबलावर जे हसणं झालं ते आमच्यापर्यंत आलं. आई स्पेट्सीचा, म्हणजे कोला-संत्र्याच्या मिश्रणाचा, दुसरा ग्लास घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "निवृत्त झाल्यापासून असे बसले नव्हते कुठे."

निघताना बाईंनी चकतीवरच्या रेघा मोजल्या, बेरीज आमच्यासमोर तोंडी केली आणि आकडा सांगितला. चौघांचं जेवण आणि पेय मिळून ऐंशीच्या थोडं वर. बक्षिसी द्यायची तर उरलेलं टेबलावर ठेवून जात नाहीत. पैसे देतानाच पूर्ण करून सांगायचं, "नव्वद करा."

रविवारी न्याहारीनंतर आम्ही दोन गट केले. बाबांना चारही शिक्के हवे होते, म्हणून ते आणि मी पूर्ण वाटेने. आई आणि अमेय किल्ल्याकडे फिरून मग आउफसेसहून थेट हेकनहोफला. वाटेचं फार वर्णन करत नाही. खुणा ठळक आहेत, चढ बेताचा आहे, पण शेतांमधून सावली कमी. जूनच्या उन्हात दोघांना मिळून तीन लिटर पाणी लागलं. टोपी न्या. झाक्सनडोर्फला आम्ही कॉफी घेतली, होखश्टालला बाबांनी अल्कोहोलविरहित बिअर आणि मी राडलर, म्हणजे निम्मी बिअर निम्मं लिंबूपेय. शिक्क्यासाठी बिअरच प्यायला हवी अशी सक्ती कुणी केली नाही. उन्हात चालताना चारही ठिकाणी अर्धा-अर्धा लिटर रिचवायच्या फंदात पडू नका.

एका ठिकाणी बाबांनी मला विचारायला लावलं की बिअर शिजवतात ते दाखवाल का. बाई कामात होत्या, पण दार उघडून दिलं. आत पांढऱ्या फरश्या, एक तांब्याचं भांडं, नळ्या, ओल्या जवाचा गोडसर वास, आणि भिंतीवर खिळ्याला टांगलेली एक वही. भट्टी त्या दिवशी बंद होती. बाबांनी वाकून भांड्याखाली पाहिलं, नळीचा जोड पाहिला. वहीत काय आहे विचार, म्हणाले. तारीख, किती जव, किती पाणी, तापमान, सही. त्यांनी ती उघडी पानं हात न लावता वाचली, जर्मन येत नसताना. "रकाने चोख आहेत," एवढाच अभिप्राय दिला.

हेकनहोफला काथी-ब्रॉय म्हणजे मोटरसायकलवाल्यांचं गाव. अंगणात शंभरेक गाड्या, चामड्याच्या जाकिटातली धिप्पाड माणसं आणि त्यांच्यात केकचा तुकडा पुढ्यात घेऊन बसलेल्या आमच्या आई. काथी मायर नावाच्या बाईंनी ही जागा वर्षानुवर्षं चालवली, तिचंच नाव. इथे आपलं आपण खिडकीवरून आणायचं, रांग मोठी असते पण भराभर पुढे सरकते. आईंनी डबा उघडण्याआधी मला विचारायला पाठवलं. पेय इथलं घेतलं असेल तर चालेल, असं उत्तर आलं. सगळीकडे असंच चालेल असं नाही, विचारून घ्या. दशम्या आणि चटणी निघाली. शेजारच्या दाढीवाल्याने चटणी चाखली आणि आपल्या बिअरकडे गेला तो परत आलाच नाही.

प्रमाणपत्र मिळालं. बाबांनी त्यावरचा मजकूर माझ्याकडून वाचून घेतला, शिक्के तपासले आणि म्हणाले, "जावक क्रमांक नाही."

परतीची बस संध्याकाळी लवकर असते, त्यामुळे हेकनहोफला रेंगाळलं तरी घड्याळ बघत रेंगाळा. आम्ही थांब्यावर वीस मिनिटं आधी होतो आणि आधीच आठ-दहा माणसं उभी होती. एकूण खर्च: दोन खोल्या १६०, शनिवारचं ९०, रविवारचं खाणंपिणं चाळीसेक, आई-बाबांचं तिकीट. चौघांचे मिळून तीनशे वीसच्या आत, आणि त्यात सगळ्यात स्वस्त बाब बिअर. रोख किमान तीनशे सोबत न्या, गावातलं एटीएम गृहीत धरू नका. खोल्या शनिवारच्या हव्या असतील तर पाच-सहा आठवडे आधी फोन करा, आणि नाव सांगताना सावकाश सांगा.